अण्णांचा घसा

रिक्षावाल्यानं मागं न बघता सांगितलं, "पुढं रस्ता नाही," आणि त्याच वेळी माझ्या मांडीवर तेजूचा श्वास परत अडकला. अडकला म्हणजे थांबला नाही, आत जाताना आवाज करत होता, आरवणाऱ्या कोंबड्याचा गळा दाबला तर येईल तसला आवाज, आणि दर श्वासाला तिच्या गळ्याखालची खळगी इतकी आत जायची की त्यात माझा अंगठा मावला असता. बाहेर सोडताना काही नाही. नुसतं आत घेताना. ओठ असे झाले होते की आधी मला वाटलं पोरीला कुणी जांभळं चारली, मग लक्षात आलं की हे जांभळांचे दिवसच नव्हेत. मी पदरानं पुसत होते. रंग कुठं पुसला जातो. शेजारी अण्णा, म्हणजे माझे सासरे, तिचे दोन्ही पाय हातात धरून बसलेले, पाय का धरले होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तीन वर्षांची पोर माझी. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. रडत नव्हती. रडायलाही श्वास लागतो.

"रिक्षा उलट्या बाजूनं घाला," मी म्हणाले, "फुटपाथवरनं घाला, कुठनंही घाला."

"ताई, फुटपाथपण खणलाय. कंप्युटरवाल्यांच्या तारा जमिनीखालनं जाणार, आपण वरनं उडत जायचं," तो म्हणाला. पण बोलता बोलता त्यानं रिक्षा वळवली, एका दुकानाच्या पायरीला घासून, मातीच्या ढिगावरनं, आतले आम्ही तिघं एका अंगावर पडलो आणि परत सरळ झालो. त्याचा चेहरा मी बघितलाच नाही. आजही रस्त्यात कुणी रिक्षावाला वाकडं बोलला तर मला राग येत नाही तो त्याच्यामुळं.

झालं होतं ते असं. पण ते सांगायच्या आधी घर सांगायला पाहिजे, कारण दुसऱ्या कुठल्या घरात ही गोष्ट अशी झालीच नसती.

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा एका अडत्याच्या गाळ्यावर कांद्याचा लिलाव पुकारायचे. शेतकऱ्याचा माल उतरला, ढीग लागला, व्यापारी भोवती जमले की ढिगाशेजारी उभं राहून भाव पुकारायचा आणि कुणी मागं हटेपर्यंत तो चढवत न्यायचा, हे त्यांचं काम. सकाळी सुरू झाले की दुपारपर्यंत चालू. त्यांचा आवाज जाड, खरखरीत, डब्यात खडे घालून हलवल्यासारखा, आणि यार्डात त्या आवाजाला मान होता. नवा शेतकरी आला की हमाल सांगायचे, "ते बसक्या आवाजाचे अण्णा आहेत ना, त्यांच्या ढिगावर जा, माल पडून राहणार नाही." घरात सगळीकडं कांदा. अंथरुणात पापुद्रे, मसाल्याच्या डब्यात पापुद्रे, माझ्या केसांना वास. लोणी काळभोरहून लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना मी डोळे पुसतच होते आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सुनेला माहेरची लई आठवण येती." सासूला मी आत्या म्हणायचे. त्यांचा स्वभाव तिखट होता, पण हाताला चव अशी की नुसत्या पातीच्या भाजीवर आणि गरम भाकरीवर माणूस गप्प बसावा.

घरातलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे अण्णांचा घसा. उजाडायच्या आधी आत्या मिठाचं पाणी तापवायच्या, त्याच्या गुळण्या. मग सुंठ आणि गुळाची गोळी, ती गोळी आत्या तळहातावर वळायच्या आणि अण्णा ती गालात धरून जायचे. खिशात ज्येष्ठमधाची काडी. संध्याकाळी परत आले की आवाज जवळजवळ गेलेला असायचा, भाकरी हवी तर बोट दाखवायचे, पाणी हवं तर तांब्या वाजवायचे. आम्ही सगळे न बोलता जेवायचो. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मात्र दिवसभर घसा गप्प राहिला की संध्याकाळी त्यांचा आवाज इतका स्वच्छ निघायचा की आत्या पदर डोक्यावर ओढून म्हणायच्या, "बाई, कोण पाव्हणं आलंय गं घरात?" ह्या गोष्टीत काही अर्थ आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तरी कुठनं येणार. मी सातवीपर्यंत शिकलेली.

तेजू जन्मली तेव्हा तिचं रडणं चांगलं खणखणीत होतं. पुढं काही महिन्यांनी ते बसायला लागलं. सर्दी असेल म्हटलं. सर्दी गेली, आवाज आला नाही. आणि मग तिनं पहिल्यांदा "आई" म्हटलं ते एखाद्या म्हाताऱ्यानं खाकरून म्हटल्यासारखं. मी दचकले. पण अण्णा खाटेवर बसले होते ते उठून उभे राहिले. "परत म्हण," ते म्हणाले. तिनं परत म्हटलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन्ही पोरांचे आवाज आईवर गेले, बारीक," ते म्हणाले, "मला वाटलं माझ्याबरोबर संपला घसा. नातीनं घेतला की. हा माझा हाय." दुसऱ्या दिवशी गाळ्यावर पेढे वाटले. आमचे हेसुद्धा हसले, ह्यांचा आवाज खरंच बारीक होता आणि त्यावरनं आयुष्यभर ऐकून घेतलं होतं, म्हणाले, "चला, आता अण्णा मला तरी सोडतील."

तेव्हापासून आत्या दोन गोळ्या वळायला लागल्या, एक मोठी, एक बोराएवढी. घरी कुणी आलं की घमेलं उपडं टाकायचं, तेजूला त्याच्यावर उभी करायची आणि अण्णा म्हणायचे, "पुकार." ती हात वर करून "बोला, बोला, बोला" करायची, अगदी त्यांच्यासारखी मान तिरकी करून. माणसं हसून हसून लोळायची. कुणी बिस्किटाचा पुडा द्यायचं. तिलाही आवडायचं, खोटं कशाला सांगू, ती स्वतःहून घमेलं ओढत आणायची.

मला काही गोष्टी खुपत होत्या. रडायची तेव्हा नुसतं तोंड उघडायची, आवाज यायचाच नाही, मागच्या खोलीत पडली तरी मला कळायचं नाही. झोपेत शिट्टी वाजायची. आत्या म्हणायच्या, "कुकर लागला बघ." पळाली की मध्येच खाली बसायची आणि हात गुडघ्यावर ठेवायची, बाप्या माणसासारखी. गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बालदमा सांगितला आणि लाल औषध दिलं. ते घेतलं की दोन दिवस बरं वाटल्यासारखं वाटायचं, की आम्हालाच वाटायचं. मी एकदा भीत भीत ह्यांना म्हणाले, "अहो, तिचा आवाज कमी कमी होत चाललाय, आधी जाड होता, आता हवाच जास्त येते." हे कंप्युटर कंपनीची गाडी चालवायचे, पहाटे पांढरा शर्ट घालून जायचे ते दिवे लागल्यावर यायचे, थकलेले असायचे. म्हणाले, "अण्णांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." आणि मला ते बरोबर वाटलं. घरातल्या मोठ्या माणसाचा एवढा आनंद, तो कशाला मोडायचा.

त्या दिवशी दुपारी लोणीकडचे एक बागायतदार जेवायला आले होते, अण्णांच्या ओळखीचे. मी आत भाकऱ्या करत होते. बाहेर अण्णा म्हणाले, "पुकार गं." पहिलं "बोला" मला ऐकू आलं, अर्धंच. दुसरं आलं ते उलटं आलं, आतल्या बाजूला. बाहेर सगळे हसले. त्यांना वाटलं पोरीनं नवीन नक्कल काढली. ते हसणं आणि त्याच्याखाली तो आवाज, दोन्ही एकदम माझ्या कानात आले आणि मी पिठाचे हात घेऊन बाहेर धावले. तेजू घमेल्यावरच होती, दोन्ही हात गळ्याला, आणि पाहुणे अजून हसत होते. माझं तोंड बघून थांबले.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा कान-नाक-घशाच्या धाकट्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. माझ्याच वयाच्या असतील. मी तेजूला टेबलावर ठेवायला गेले तर म्हणाल्या, "नको, मांडीवरच ठेवा. हे बघा ताई, हिला रडवायचं नाही. रडली की आहे ती वाटपण बंद होईल. तुम्ही घाबरला की ती घाबरणार. तेव्हा हसा." मी म्हणाले, "हसू?" "हसा," त्या म्हणाल्या आणि स्वतः हसल्या, तेजूकडं बघून, आणि ऑक्सिजनची नळी फूल धरावं तशी तिच्या नाकापुढं लांबनं धरली. मग त्याच हसऱ्या तोंडानं मला विचारलं, "आवाज कधीपासून असा?"

मागनं अण्णा म्हणाले, "जन्माचा. आमच्या घराण्याचा हाय तो."

त्यांचा आवाज ऐकून बाईंनी मान वर केली. "आजोबा," त्या हळू म्हणाल्या, "तुमचं काय काम?" अण्णांनी सांगितलं. "तुमचा आवाज एखाद दिवस गप्प बसलं की सुधारतो ना? हिचा कधी सुधारला?" मला एकदम ती सुट्टीची संध्याकाळ आठवली, घरात पाहुणा आल्यासारखा तो स्वच्छ आवाज. तेजूला असा दिवस कधीच आला नव्हता. एक दिवस नाही.

शेवयीएवढी बारीक दुर्बीण त्यांनी तिच्या नाकातनं अलगद घातली, मी अंगाई म्हणत होते, काय म्हणत होते मला माहीत नाही. दुर्बीण काढून बाई म्हणाल्या, "आवाजाच्या दोन पट्ट्या असतात गळ्यात. बोलताना त्या जवळ येऊन थरथरतात, श्वास घेताना बाजूला होतात. हिच्या पट्ट्यांवर कोंब आलेत, चामखिळीसारखे, द्राक्षाच्या घोसासारखे. म्हणून त्या नीट मिटत नाहीत आणि आवाज बसका येतो. आणि आता घोस एवढा वाढलाय की श्वासाला काडीएवढी वाट उरलीय." आणि मग अण्णांना, "ओरडण्यानं होत नाही हे. तुमचं वेगळं असणार, आजोबा. तुमच्या पट्ट्यांना घट्टे पडले असतील, हमालाच्या तळव्याला पडतात तसे. ऐकायला दोन्ही सारखंच."

ऐकायला दोन्ही सारखंच. पेढे वाटले होते आम्ही.

कोंब काढणारे मोठे डॉक्टर दवाखान्यात नव्हते. त्यांच्या मोबाईलवर फोन लागला, ते निघाले होते, रस्त्यात अडकले होते, त्याच खणलेल्या रस्त्यांत. बाई फोनवर बोलून आल्या. आणि त्यानंतर जे बोलणं झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ते सगळं गोड आवाजात झालं. तेजू घाबरू नये म्हणून. आम्ही तिघंही तिच्याकडं बघून हसत होतो, मी तिला मांडीवर झुलवत होते, आणि असं बोलत होतो जसं काही तिला काऊ-चिऊची गोष्ट सांगतोय.

"ताई," बाई म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. एक, मी आत्ता हिच्या गळ्याला खालच्या बाजूला भोक पाडून नळी बसवते. श्वास लगेच मोकळा होईल. पण नळी आहे तोवर आवाज येणार नाही. आणि ह्या आजारात भोक पाडलं तर कोंब खाली श्वासनळीत उतरण्याची भीती असते. मग ते परत परत येतात, नळी लवकर काढता येत नाही. म्हणून सर म्हणतायत, जमलं तर भोक नको, मी पोचलो की तोंडावाटेच कोंब काढतो."

"ते कधी पोचतील?" मी म्हणाले, हसत.

"सांगता येत नाही."

"तोवर दम धरील का ती?"

"धरेलही," त्या म्हणाल्या. "नाहीतर मध्येच वाट बंद पडेल. मग मला घाईत भोक पाडावं लागेल, आणि घाईत सगळंच नीट होतं असं नाही."

अण्णा खाली वाकले. त्यांना हळू बोलायची सवयच नव्हती, त्यांच्या घशातनं हळू आवाज निघायचाच नाही, नुसती खरखर निघाली. "सुनबाई, पोरीच्या जातीला गळ्याला भोक नको. मुकी होईल ती. डॉक्टर येतायत म्हणतायत ना. थांबू." मग तेजूला, "होय ना गं माझे बाई, थांबू ना आपण?" तेजूनं त्यांच्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला आणि तिची खळगी आत गेली.

मी म्हणाले, "अण्णा, ह्यांच्या कंपनीत फोन लावा." ते गेले आणि परत आले. खाली मान घालून म्हणाले, "बाई विंग्रजीत काहीतरी बोलली आन मग तिनं गाणं लावलं. मी गाणं ऐकत हुबा ऱ्हायलो. मग कटलं." हे तेव्हा कंपनीच्या पाहुण्यांना आणायला मुंबईच्या विमानतळावर गेले होते, ते मला संध्याकाळी कळलं.

मी बाईंना विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं पण डोळे लाल झाले होते. "मी नवीन आहे, ताई," त्या म्हणाल्या. "सर अनुभवी आहेत. पण सरांना तिथनं तिचे ओठ दिसत नाहीयेत."

मी ओठांकडं बघितलं. रिक्षात होता त्यापेक्षा रंग गडद झाला होता की दवाखान्याच्या पांढऱ्या दिव्यामुळं तसा दिसत होता हे मला कळेना. आणि तिचा आवाज, तो कोंबड्यासारखा आवाज, कमी झाला होता. मला एक क्षण बरं वाटलं. मी बाईंना म्हणाले, "बघा, आवाज कमी झाला." त्या म्हणाल्या, "ते चांगलं नाही, ताई. आवाज कमी होतो तो हवा कमी जायला लागली की. ती दमत चाललीय." तेजूच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. इतका वेळ ती माझ्याकडं बघत होती, आता तिला बघायचाही कंटाळा आला होता.

मी म्हणाले, "पाडा भोक."

अण्णा "सुनबाई" म्हणेपर्यंत बाईंनी कागद पुढं केला. माझ्याकडनं सही घेतली. तेजूला माझ्या मांडीवरनं उचललं तेव्हा तिनं माझा पदर धरला नाही, एरवी धरायची. दार लागलं आणि मी तिथंच भिंतीला टेकले. अजूनही हसत होते मी. गाल दुखायला लागले तेव्हा कळलं.

मोठे डॉक्टर आले. गाडी कुठंतरी सोडून चालत आले होते, बूट मातीनं भरलेले, घामेजलेले. मला वाटतं माझी पाठ भिंतीला अजून नीट टेकलीही नव्हती. असं आता वाटतं. तेव्हा किती वेळ गेला होता मला खरंच सांगता येणार नाही आणि नंतर मी कुणाला विचारलंही नाही. ते सरळ आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले, टोपी काढली. "आता श्वास चांगला आहे," म्हणाले. "मी पोचलो तेव्हा नळी बसली होती. थोडं थांबला असतात तर—" माझ्याकडं, अण्णांकडं बघितलं. "नाही, बरोबर केलंत," म्हणाले, आणि निघून गेले. त्या माणसानं पुढं किती वर्षं माझ्या पोरीच्या गळ्यातले कोंब काढले, हात देवाचा होता त्यांचा. पण ते अर्धं वाक्य त्यांनी कधी पूर्ण केलं नाही आणि मी ते लाख वेळा पूर्ण केलं.

कारण झालं ते तसंच झालं. कोंब खाली उतरले. काढले की परत यायचे, महिना-दोन महिन्यांनी छाती वाजायला लागली की आमची वारी दवाखान्यात. हा आजार कधी कधी बाळंत होताना आईकडनं बाळाला जातो, हेही मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं, त्यात कुणाचा दोष नसतो असंही म्हणाले. दोष नसतो हे आत्यांना ऐकू आलं नाही. जेवताना म्हणायच्या, "आमच्यात आवाज व्हता, आजार न्हवता." अण्णाच त्यांना गप्प करायचे. अण्णांच्या पट्ट्यांवर खरंच घट्टे निघाले, बोलणं बंद ठेवायला सांगितलं, ढीग पुकारायला गाळ्यावर दुसरा माणूस आला. आणि घरात दोन न बोलणारी माणसं झाली, एक म्हातारं, एक लहान. जुन्या काळी बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचे, कुणाला कळू नये म्हणून. अण्णांना ते येत होतं. त्यांनी तेजूला तसं बोलायला शिकवलं, टॉवेलाखाली. एक बोट म्हणजे पाणी, दोन बोटं म्हणजे भूक, मूठ म्हणजे दुखतंय. मी पोळ्या लाटता लाटता बघायची, ती दोघं टॉवेल पसरून बसलेली, आणि तेजूचे खांदे हसण्यानं हलतायत. आवाज नाही. नुसती नळीतनं हवा.

मी नळी साफ करायला शिकले. आत्या बघूही शकत नव्हत्या, हे धीर करून बघायचे आणि मग चप्पल घालून बाहेर जायचे. रात्री ह्यांची ड्युटी वाढली, मोबाईल आला, धायरीला फ्लॅट झाला, शहर कुठल्या कुठं गेलं, आणि मी एका बारीक नळीच्या मळाकडं बघत होते. ती नळी निघाली तेव्हा तेजू शाळेत बऱ्याच वरच्या वर्गात होती. भोक मिटलं. आवाज आला तो असा, कागद कागदावर घासावा तसा. तेवढाच राहिला. शाळेत पोरं काय म्हणायची ते तिनं मला सांगितलं नाही, मला दुसऱ्या आयांकडनं कळलं.

आता ती हिंजवडीकडं मोठ्या कंपनीत कामाला आहे. मीटिंगमध्ये लिहून पाठवते, बाकीचे बोलतात. दोन स्थळं आवाजावरनं गेली. तिसऱ्या वेळी मुलाच्या आईनं विचारलं, "हिला सर्दी झालीय का?" तर तेजू म्हणाली, "हो, लहानपणापासून." मुलाला हसू आलं आणि लग्न जमलं.

लग्नाआधी एकदा ती आणि मी धायरीच्या घरात लसूण सोलत बसलो होतो. तिनं सहज विचारलं, "आई, त्या दिवशी त्या डॉक्टरांनी तुला नेमकं काय विचारलं होतं?" मी कधी सगळं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. दोन रस्ते सांगितले, अण्णा काय म्हणाले ते सांगितलं, बुटांची माती सांगितली, अर्धं वाक्य सांगितलं. ती ऐकत होती, लसूण सोलत होती. मला वाटलं आता म्हणेल, आई, तू मला वाचवलंस. मी त्याची वाटच बघत होते, खरं सांगायचं तर.

ती म्हणाली, "मी असते तर थांबले असते."

रागानं नाही. हिशेब सांगावा तशी म्हणाली, त्या तिच्या कागदी आवाजात, आणि पुढची पाकळी उचलली. मी म्हणाले, "तुझे ओठ तू बघितले नव्हतेस." ती म्हणाली, "हो, ते आहेच." आणि आम्ही दोघी लसूण सोलत राहिलो.

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिला जे भोगावं लागलं ते तिनं भोगलं, मी नाही. ती थांबली असती आणि कदाचित डॉक्टर वेळेवर आलेही असते, आलेच होते ते, माझ्या डोळ्यांदेखत आले होते. पण मला त्या वेळी कसं कळणार होतं की ते जिन्यापर्यंत पोचलेत की अजून त्या खड्ड्यांतच आहेत. म्हणून मी तुम्हाला विचारते, घरात कुणाला विचारायची सोय राहिली नाही म्हणून. तीन वर्षांची पोर मांडीवर आहे, तिच्या पापण्या मिटतायत, अनुभवी माणूस फोनवर थांबा म्हणतोय आणि नवीन माणूस समोर उभा राहून ओठ बघा म्हणतोय, आणि तुम्हाला दोन्ही हसून ऐकायचंय. तुम्ही काय केलं असतं?